शालनबाय आणि मोम्बासाची रेकॉर्ड

मालवणच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं काढली. त्यातली पहिली चौदा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर शालन खवणेकर होती. आम्ही सगळे तिला शालनबाय म्हणायचो. वयाने ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, हुद्द्यानेही वरची, कंट्रोलर. माईक तिच्याकडे, रजिस्टर माझ्याकडे. 'मालवण-कणकवली गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' हे वाक्य ती अशा शुद्ध, थंड मराठीत म्हणायची की टोपल्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या पदर सारखा करून उठायच्या. माईकचं बटण बंद झालं की त्याच तोंडातून माझ्याशी मालवणी सुरू. "रे सुऱ्या, ती कुडाळची खंय मेली?"

तिला आकडे विसरता येत नसत. डेपोतल्या प्रत्येक गाडीचा नंबर, कुठली गाडी कुठल्या चढावर दमते, कुठल्या गाडीची कितवी खिडकी बंद होत नाही, सगळं पाठ. आणि आकड्यांसारखंच तिला माणसांनी केलेलंही विसरता येत नसे. कुणी वाकडं बोललं, कुणी तिची खुर्ची न विचारता उचलून नेली, तरी ती भांडत नसे. फक्त म्हणायची, "बरा. नोंद केलंय." ही नोंद कुठल्याही वहीत होत नव्हती. पण ड्रायव्हर-कंडक्टर या दोन शब्दांना साहेबांच्या मेमोपेक्षा जास्त टरकून असत.

तिच्या घरामागे कापा फणस होता. शेजारच्या तुकारामने एक फांदी आपल्या कौलांवर येते म्हणून हिला न विचारता तोडली. तेव्हापासून फणस उतरला की शालनबाय वाडीत घरोघरी गरे पोचवायची, आणि प्रत्येक वेळी वाट वाकडी करून तुकारामच्या खळ्यातूनच जायची. ताट उघडं ठेवून. असं सहा वर्षं. सातव्या वर्षी तुकारामची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला फणसच हवासा झाला. तुकारामची बायको रडवेली होऊन दारात आली. शालनबायने अख्खा फणस फोडला, ताट भरून स्वतः घेऊन गेली आणि पोरीने शेवटचा गरा खाईपर्यंत समोर बसून राहिली. तुकाराम ओट्यावरून बघत होता. "एक गरो पण तेच्या तोंडात जावक देवक नाय," असं तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं समाधान.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, पण तिचा जो एक खरा सूड मी पाहिला, त्यात हसण्यासारखं फारसं नव्हतं.

घरात ती आणि तिचा मोठा भाऊ, दोघंच. दोघांचीही लग्नं झाली नव्हती. मनोहरदादा मालवाहू बोटीवर इंजिनखान्यात होता. नऊ-दहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने घरी. आमच्याकडचे बोटीवरचे लोक परत येताना सेंटच्या बाटल्या आणत, घड्याळं आणत. मनोहरदादा रेकॉर्डी आणायचा. मोठ्या नव्हेत. सिंगल म्हणतात त्या, नाश्त्याच्या बशीएवढ्या, दोन बाजूंना दोन गाणी. आणि त्याही नाव झालेल्या कुणाच्या नव्हेत. ज्या बंदरात बोट लागेल तिथल्या गल्लीतल्या रॉक बँडच्या. पदरमोड करून ज्यांनी आयुष्यात एकदाच रेकॉर्ड काढली, मित्रांना वाटली, आणि मग गिटारी विकून पोटापाण्याला लागले, अशांच्या. पेरूमधल्या मच्छीमारांचा एक बँड होता. तुर्कस्तानातल्या इझमीरमधल्या शिंप्यांचा एक. प्रत्येक रेकॉर्डच्या पांढऱ्या पाकिटावर दादा निळ्या शाईने, आपल्या बाळबोध अक्षरात, बंदराचं नाव आणि क्रमांक घालायचा.

"नाव झालेल्यांका सगळी दुनिया आयकता रे," तो मला म्हणाला होता. "हेंका कोण आयकतलो?"

घरी असला की दुपारी चार वाजता एक रेकॉर्ड लावायचा. एकच. डोळे मिटून ऐकायचा आणि उठून वहीत दोन ओळी लिहायचा. शालनबायला ते गाणं म्हणजे छळ वाटायचा. "पत्रो खरवडल्यासारखा वाटता," म्हणायची, पण चारच्या ठोक्याला चहाचा कप त्याच्या हाताशी ठेवायची.

बोट सोडून कायमचा घरी आल्यावर तिसऱ्या वर्षी, एका दुपारी तो आरामखुर्चीत बसला तो उठलाच नाही.

नवव्या दिवशी मुंबईहून सबनीस आले. मनोहरदादाशी त्यांचा पत्रव्यवहार होता. गोरे, मऊ बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ. फोटोला हार घातला, डोळे पुसले, शालनबायच्या हातची पेज कौतुकाने प्याले. मग माडीवर जाऊन त्यांनी रेकॉर्डींनी भरलेल्या दोन्ही ट्रंका उघडल्या आणि खाली आल्यावर जड आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मनोहररावांनी प्रेमाने जमवलं, पण हा सगळा कचरा आहे हो. अर्ध्या वाजण्याच्या पलीकडे गेल्यात, उरलेल्या कुणाला नकोत. भंगारवालाही घेणार नाही. त्यांची आठवण म्हणून मी नेतो. तुमच्या घरातली अडगळ तरी कमी होईल."

शालनबायने ट्रंका बांधायला स्वतः सुंभ दिलं. वर कोकमाच्या आगळाची बाटली आणि सुक्या बांगड्यांचं पुडकं दिलं. एवढा मोठा माणूस आपल्या भावाची अडगळ उचलायला आला म्हणून तिला भरून आलं होतं.

त्यानंतर वर्षभर ती भावाबद्दल वेगळंच बोलू लागली. "तीस वर्सां इंजिनात घाम गाळल्यान आणि काय आणल्यान? कचरो. येडोच तो." वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांनाही तिने हे हसून सांगितलं. मीही त्या पंगतीत होतो. मीही हसलो.

मध्ये एकदा सबनीसांचा फोन आला होता. एका कव्हरात रेकॉर्ड नाही, घरी कुठे राहिली आहे का, म्हणून. तिने रजा टाकून दोन दिवस माडी पालथी घातली आणि मग त्यांना फोन करून, मिळाली नाही म्हणून माफी मागितली. मनोहरदादाचा रेकॉर्ड प्लेअर मात्र तिने उघडला नाही. दादा गेला त्या दिवसापासून त्याच्यावर विणलेला रुमाल होता तसाच होता, आणि त्याला हात लावायचा तिला धीर होत नव्हता.

श्राद्धाला महिना झाला असेल. मुंबईच्या गाडीत कुणी विसरलेल्या पिशवीबरोबर एक इंग्रजी पेपर आमच्या खिडकीत आला. रविवारची रंगीत पुरवणी. ती पानं चाळता चाळता शालनबायचा हात थांबला. आत सबनीसांचा अर्ध्या पानाचा फोटो होता. मागे फळ्यांवर शेकडो पांढरी पाकिटं, आणि प्रत्येकावर निळ्या शाईत बाळबोध अक्षरं. मोम्बासा. इझमीर. मनोहरदादाचा क्रमांक.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. सबनीस तीस वर्षं बंदरोबंदरी फिरले, असं लिहिलं होतं. जगाने न ऐकलेल्या बँडच्या रेकॉर्डी त्यांनी एकेक करून गोळा केल्या. जगभरचे शौकीन त्यांच्या संग्रहावर टपलेत. हातात त्यांनी एक छापील कव्हर धरलं होतं. मोम्बासाच्या गोदीत मालाची मोजदाद करणाऱ्या चार कारकुनांचा बँड, 'द टॅली क्लार्क्स'. त्यांच्या रेकॉर्डच्या जेमतेम चार-पाच प्रती उरल्या असतील. आपल्याकडे कव्हर आहे, आतली रेकॉर्ड तेवढी हरवली, ती मिळाली की डोळे मिटायला मोकळा, असं ते म्हणाले होते. कव्हर त्यांनी मोम्बासाच्या धक्क्यावर, भर पावसात, स्वतः विकत घेतलं होतं म्हणे.

"मनोहरचा नाव खंय आसा?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "नाय गो."

देवगडची गाडी लागली होती. तिने माईक ओढला आणि फलाट क्रमांक सांगितला. आवाजात काही फरक नव्हता. मी तिच्या त्या दोन शब्दांची वाट पाहत होतो, पण ते आले नाहीत. पुरवणी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली आणि कामाची पाळी संपल्यावर म्हणाली, "माज्या वांगडा घराकडे चल."

घरी गेल्यावर चप्पल न काढता ती सरळ प्लेअरपाशी गेली. रुमाल ओढला. झाकण उघडलं. आत छोटीशी काळी रेकॉर्ड होती. मधल्या लेबलवर जहाजाच्या शिडीचं चित्र आणि त्याच टॅली क्लार्क्सचं नाव. मनोहरदादाने शेवटच्या दुपारी लावलेली.

ती आरामखुर्चीच्या दांडीला धरून खाली बसली आणि म्हणाली, "वर्सभर मी तेका येडो म्हटलंय रे. मेलेल्या माणसाक. माज्या तोंडान." आणि मग सबनीसांच्या नावाने, "शिरा पडो तेच्या तोंडार."

दुसऱ्या दिवशी स्टँडवरूनच तिने सबनीसांना फोन लावला. माईकवरच्या मराठीत म्हणाली, "सापडली. तुम्ही या."

ते तिसऱ्या दिवशी हजर. शालनबायने मला बोलावून घेतलं होतं. "साक्षीदार होयो," म्हणाली. रेकॉर्ड प्लेअरवर होती. शालनबाय म्हणाली, "बसा. आधी ऐकून तर घ्या," आणि तिने सुई उचलली.

"नको! नको, ताई!" सबनीस जवळजवळ किंचाळले. "कृपा करा. ही सुई जुनी आहे, दांडी जड आहे. प्रत्येक वेळी रेकॉर्ड झिजते. एकदा वाजवली की तेवढी गेली. अशीच ठेवा."

शालनबायने सुई परत जागेवर ठेवली. "असं होय," ती म्हणाली. मग शांतपणे सांगितलं की भावाची शेवटची वस्तू आहे, द्यायची तर आहे, पण अजून मन होत नाही. "पुढच्या श्राद्धाला या. तेव्हा बघू." पेपराचं अक्षरही काढलं नाही. सबनीस गेल्यावर तिने धुवट फडक्यात रेकॉर्ड गुंडाळून देव्हाऱ्याच्या फळीवर, दादाच्या फोटोशेजारी ठेवली. मला वाटलं, आता ही जपणार.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने ती काढली, प्लेअरवर लावली आणि आधीच जड दांडीवर वजनाला एक नाणं ठेवलं.

तेव्हापासून रोज. आज ही बाजू, उद्या ती. सुई कधी बदलली नाही. स्टँडवर पाळी असेल तेव्हा घरी पोचल्यावर, नसेल तेव्हा बरोबर चारला. पाहुणे आले तरी, ताप आला तरी. मनोहरदादाच्या तीन वह्या स्वयंपाकघरातल्या कपाटात रेशनकार्डाखाली होत्या, म्हणून सबनीसांच्या तावडीतून सुटल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या वहीच्या कोऱ्या पानांवर ती रोज एक उभी रेघ ओढायची. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी.

एकदा मी न राहवून बोललो. "गो बाय, दादाची शेवटची रेकॉर्ड ती. झिजता ती तुजीच झिजता. सबनीसाचा काय जाता?"

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "पण तेका दुखात असा माज्याकडे दुसरा काय आसा, सांग बघूया?"



सबनीस मात्र दर श्राद्धाला येत राहिले. रेल्वेने कणकवली, तिथून आमच्या गाडीने मालवण. दुसऱ्या वर्षी ते आले तेव्हा शालनबाय पाळीवर होती. ते गाडीतून उतरताना तिने पाहिलं आणि माईक जवळ घेतला. बाजाराचा दिवस, स्टँड गच्च भरलेला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कैलासवासी मनोहर खवणेकर यांच्या दोन ट्रंका भरून रेकॉर्डी त्यांच्या नवव्या दिवशी कचरा म्हणून घेऊन गेलेले मुंबईचे श्रीयुत सबनीस यांनी चौकशी खिडकीजवळ यावे." थोडं थांबून तिने ते पुन्हा एकदा वाचलं, नियमाप्रमाणे. मासळीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघायला लागल्या. सबनीस लाल झाले. पण बोलणार काय? त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खाली मान घालून ते खिडकीपर्यंत आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा गैरसमज झालाय."

"जेवायला चला," शालनबाय म्हणाली. "वडे-सागोती नाही, आज श्राद्ध आहे."

जेवून, फळीवरच्या पांढऱ्या पुरचुंडीकडे बघत बघत, ते रिकाम्या हाताने गेले. पुरचुंडीला ते कधी हात लावत नसत. हाताची उष्णताही रेकॉर्डला बाधते, असं म्हणायचे. त्यांना खात्री होती की ती तिथेच गुंडाळलेली असते.

एवढ्यावर भागलं असतं तर ती शालनबाय नव्हे. तिने वह्या पाठ केल्या. कुठला बँड कुठला, कुणी काय वाजवलं, रेकॉर्डच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कारखान्यात खरवडलेला आकडा कुठला, पहिल्या खेपेची प्रत कशी ओळखायची. आकडे तिच्या डोक्यात चिकटायचेच. मग मनोहरदादाच्या जुन्या ओळखीच्यांना पत्रं गेली. इंग्रजी माझं, सूड तिचा. सबनीस आपल्याला हव्या असलेल्या रेकॉर्डींची यादी इंटरनेटवर टाकायचे. ती मी छापून आणायचो आणि ती कॅलेंडरशेजारी टाचून ठेवायची. त्या यादीत नसलेली एकही रेकॉर्ड तिने कधी घेतली नाही. "तेच्याकडे जा नाय, ता माका होया."

इझमीरच्या त्या शिंप्यांपैकी एक म्हातारा अजून हयात होता. मनोहरदादाने एकदा त्याच्याकडून कोट शिवून घेतला होता. दादा गेल्याचं कळल्यावर त्याने स्वतःची एकुलती एक प्रत पुठ्ठ्यात घालून मालवणला पाठवून दिली, बरोबर कोटाच्या मापाचा कागद. सबनीस त्या रेकॉर्डमागे कितीतरी वर्षं होते. शालनबाय ती मांडीवर घेऊन बसली, मी मोबाईलवर फोटो काढला आणि सबनीसांच्या यादीखाली टाकला: 'मिळाली. मनोहर खवणेकर संग्रह, मालवण.' असे मी चाळीसेक फोटो तरी टाकले असतील. पुढे पुढे परदेशातली माणसं तिलाच विचारू लागली, अमुक प्रत खरी की नकली. ती आकडा मागायची आणि एका शब्दात उत्तर कळवायला सांगायची. मालवणच्या एका निवृत्त कंट्रोलर बाईचा शब्द त्या लोकांत शेवटचा मानला जाऊ लागला. तिला त्याचं काही नव्हतं. सबनीसांना ते वाचावं लागतं, एवढंच तिला पुरे होतं.

गाणं तिला आवडायला लागलं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. एका दुपारी मी गेलो तर मोम्बासाचे कारकून चालू होते. तोपर्यंत आवाज बराच विरला होता, पण मागचा ताल अजून ऐकू येत होता. शालनबाय चिंचा फोडत होती आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर ताल धरून होता. मी दिसताच तो थांबला.

नवव्या श्राद्धाला सबनीस लेकीबरोबर मोटारीने आले. हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, हातात काठी होती. पडवीच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. खुर्चीत टेकल्यावर त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक वर्तमानपत्राचं कात्रण. खालच्या कोपऱ्यात, दोन बोटं रुंदीचं, त्यांचंच पत्र: माझ्या संग्रहातला मोठा भाग कै. मनोहर खवणेकर यांनी जमवलेला आहे, हे नमूद करायचं राहून गेलं. दुसरी वस्तू ते कव्हर. धक्क्यावर हसत उभे असलेले चार कारकून, हातात वह्या.

"ताई, मी हरलो," सबनीस म्हणाले. "आता मला काही नको. कव्हर तुम्ही ठेवून घ्या. फक्त दोन्ही एका ठिकाणी असू देत. मरायच्या आधी एकदा दोन्ही एकत्र बघायची आहेत."

शालनबायने चष्मा लावून कात्रण वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, ती विरघळणार. सबनीसांच्या लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

शालनबाय उठली. फळीवरून पुरचुंडी काढली, फडकं सोडलं, रेकॉर्ड कव्हरात सरकवली आणि दोन्ही हातांनी सबनीसांच्या मांडीवर ठेवली. "तुम्हीच न्या."

सबनीसांनी कव्हर छातीशी धरलं. मग म्हणाले, "एकदा ऐकवाल? आता झिजली तर झिजू दे. एकदाच."

"ऐकवते की."

प्लेअर लावला. सुई टेकली. आणि सुकट भाजायला टाकल्यावर तव्यावर होतो तसा चरचराट सुरू झाला. त्याच्यामागे खूप लांबवर कुणीतरी काहीतरी म्हणत असावं, असा भास होत होता, एवढंच. सबनीस आधी सुईकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः दांडी उचलली, रेकॉर्ड काढून दाराच्या उजेडात तिरपी धरली. काळी राहिलीच नव्हती ती. राखेसारखी करडी झाली होती. त्यांनी उलटून दुसरी बाजू पाहिली. तीही तशीच.

"किती वेळा वाजवलीत?" त्यांनी विचारलं.

शालनबायने वही आणून त्यांच्यासमोर उघडली. पानामागून पान, रेघा. चार उभ्या, एक आडवी.

आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी मालवणीत बोलली. "तुमी माका सांगलात, भावान कचरो जमवल्यान. माका ता खरा वाटला. एक वरीस मी तेका येडो म्हणत रवलंय, चार माणसात हसत रवलंय. त्या वर्साचे दीस तुमी माका परत हाडून देवा. मी तुमका गाणा परत देतंय."

सबनीसांची लेक उसळून काहीतरी बोलायला गेली. त्यांनी हाताने तिला थांबवलं. रेकॉर्ड कव्हरात घातली, कव्हर पिशवीत ठेवलं आणि काठी टेकत, पायऱ्यांवर दोनदा थांबत, ते गाडीत जाऊन बसले. शालनबाय पडवीच्या खांबाला टेकून गाडी वळेपर्यंत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी तुकारामच्या वेळचं समाधान शोधलं. ते होतं. अगदी तसंच होतं. मला मात्र तिच्या घरचं श्राद्धाचं जेवण त्या दिवशी गिळवेना.

पुढे दोन-अडीच महिने मी तिकडे फिरकलो नाही. राग म्हणावा असं काही नव्हतं, पण पाय वळत नव्हते. मग एका दुपारी तिच्या बाजूला, धुरीवाड्यात, काही काम निघालं आणि गेलो. शालनबाय पडवीत कोकमं फोडत होती, बोटं लालभडक. बियांची रास एका बाजूला, सालांची दुसऱ्या. प्लेअरवर विणलेला रुमाल होता. चार वाजून गेले होते.

चहा झाला. इकडचं तिकडचं बोललो. मग ती एकदम म्हणाली, "रे सुऱ्या, तुका ता गाणा येता काय?"

"कुठचा?"

"मोम्बासाचा. एक बाजू. सुरवातीक तो गिटारवालो वाजवता आणि मगे दोघे म्हणूक लागतत."

मी आठवून पाहिलं. इतक्यांदा कानावर पडलं होतं, पण नेमकं ओठांवर येईना. सुरुवातीचा तुकडा तिनेच गुणगुणला, बेसूर, हळू. तेवढाच. पुढे जायला बघितलं आणि अडकली. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं, पुन्हा तिथेच.

"जावंदे गो," मी म्हटलं.

"रोज आयकलंय रे," ती हातातल्या कोकमाकडे बघत म्हणाली. "खंय गेला ता?" मग मान वर करून, जुन्या शालनबायच्या आवाजात: "पण मी आयकलंय तरी. त्या सबनीसान एकदाय आयकूक नाय."

मी निघालो. कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकाशी, पोचून मागे वळून पाहिलं तर ती तशीच बसली होती. कोकम हातात अर्धं फोडलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. थोडा वेळ हलले, थांबले, आणि पुन्हा सुरुवातीपासून हलू लागले.